इंदूचा खाडा पडू नये म्हणून

डॉक्टरांनी आमच्या इंदूला विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

ती म्हणाली, "सुट्टीचा न्हाई, एवढं खरं."

"बुधवार," मी मध्येच म्हणालो.

"तुम्हाला नाही विचारलं," डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले. पुढचा प्रश्न आला, त्याचंही उत्तर मीच दिलं. मग त्यांनी मला बाहेर बाकावर नेऊन बसवलं. पंचेचाळीस वर्षं मीच तिच्या वतीनं बोलत आलो होतो. मला राग आला, आणि तो चांगला आठवडाभर टिकला.

आत बोलावलं तेव्हा टेबलावर एक कागद होता. तिला त्यावर घड्याळ काढायला सांगितलं होतं. इंदूला लिहिता येत नाही, पण आकडे कळतात. तिनं एक वेडावाकडा गोल काढला होता, आत फक्त सहाचा आकडा, आणि मधून सरळ खाली त्याच्याकडे जाणारी एक रेघ. डॉक्टरांनी विचारलं, बाकीचे आकडे कुठे? तर म्हणे, "बाकीचे कशाला लागत्यात?"

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, डिमेन्शिया. म्हणाले, हे म्हातारपणाचं विसरणं नव्हे, मेंदूचा आजार आहे, मागे फिरत नाही. "पण माणूस सांभाळता येतो," असंही म्हणाले. ते वाक्य माझ्या कानात शिरलंच नाही.

रिक्षात तिनं विचारलं, "काय झालंय मला?"

"काही नाही. अशक्तपणा आहे."

"मग तुमचं तोंड का आसं?"

---

सहाच्या त्या रेघेचा अर्थ मला तिथंच कळायला हवा होता. कारण मला सगळं माहीत होतं. लपवणारा मीच होतो.

मी विठ्ठल वाघमारे. शिक्षण चौथी. नगर रोडच्या एका कारखान्यात हेल्पर होतो. बाहेरचा माल स्वस्तात यायला लागला तशी आमची कंपनी बसली. ऐन पंचेचाळिशीत हातात एक पाकीट देऊन आम्हाला घरी पाठवलं. पुढं कुणाची चाकरी मला मानवली नाही. दोन ठिकाणी लागलो, दोन्हीकडे भांडून आलो.

इंदू कॉर्पोरेशनमध्ये होती. मी लोकांना तेवढंच सांगायचो आणि ते खोटं नव्हतं. पण ती कॉर्पोरेशनचा रस्ता झाडायची. पहाटे उठायचं, सहाच्या आत कोठीवर, म्हणजे हजेरीच्या चौकीवर, पोचायचं, मुकादमानं हजेरी घेतली की खराटा उचलायचा. पाच मिनिटं उशीर झाला की खाडा. एकतीस वर्षं तिनं हे केलं. माझा पोरगा सुजित इंजिनियर झाला तो तिच्या खराट्यावर. माझ्या तोंडून हे वाक्य कधी निघालं नव्हतं, आता लिहिताना निघालं.

लाज का वाटली, तेही सांगतो. माझ्या बापानं करमाळ्याकडच्या आमच्या गावात मेलेलं ढोर ओढायला नकार दिला आणि त्यापायी मार खाल्ला. आमच्या माणसांनी गावकीची कामं टाकली, धम्म घेतला, पोरं शाळेत घातली. आणि त्याच बापाची सून पुण्यात हातात खराटा घेऊन उभी. हे माझ्या घशाखाली उतरलं नाही. इंदू म्हणायची, "गावकी येगळी आन् हे येगळं. हितं पगार हाय, रजा हाय, पेन्शन हाय. शिळी भाकर न्हाई मागत मी." तिचं बरोबर होतं. पण नवरा घरी बसलेला आणि बायको कमावती, त्यात वर हे. ज्या दिवशी ती रिटायर झाली त्या दिवशी मी तिचा साडीवर घालायचा कोट देऊन टाकला आणि जाहीर केलं, "आजपासून ह्या घरात खराटा येणार नाही." तिनं हूं की चूं केलं नाही. मी समजलो, तिलाही हेच हवं होतं.

सुजित तोवर हिंजवडीला लागला होता, त्यानं विश्रांतवाडीत फ्लॅट घेतला. सोसायटीत इंदू म्हणजे 'कॉर्पोरेशनच्या ऑफिसातल्या काकू'. ऑफिस हा शब्द मी चिकटवला होता.

---

आजारानं तिचं कालचं पुसलं आणि जुनं वर काढलं. रोज पहाटे पावणेपाचला तिला जाग यायची. तोंड धुवायची, साडी खोचायची आणि दाराशी.

"कुठं निघालीस?"

"कोठीवर. सोडा मला, खाडा पडंल."

"अगं, तू रिटायर झालीस."

"कवा?"

"सात वर्षं झाली."

हे ऐकून ती रोज नव्यानं हादरायची. तिच्या लेखी मी रोज पहाटे तिची नोकरी घालवत होतो. ती रडायची, दार वाजवायची. मी आतून कुलूप घातलं. मग तिनं माझ्या मनगटाला चावा घेतला. शेजारचे विचारायचे, "काकूंना बरं नाही का?" मी म्हणायचो, "झोप लागत नाही तिला."

मी तिला पाठ करून घ्यायला लागलो. आज वार काय, तू कोण, मी कोण, रिटायर कधी झालीस. मास्तरांनी मला पाढे तसेच शिकवले होते, छडी घेऊन, आणि मला अजूनही तेराचा येत नाही. तरी मी तिच्यावर तेच करत होतो. तुमच्या घरी कुणी करत असेल तर आज बंद करा. त्यानं फक्त भीती वाढते, दोघांचीही.

---

सुनेनं, अर्चनानं, कुठून तरी पत्ता काढला. शनिवार पेठेत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर अशा माणसांसाठी दिवसाचं केंद्र चालतं. तिथल्या लेले सिस्टर म्हणजे रिटायर झालेल्या नर्स. बारीक चणीच्या, आणि बोलणं असं की लिंबू पिळावं. त्यांनी मला दोन पानी फॉर्म दिला. वर लिहिलेलं, 'माझ्याविषयी'. हाक कशी मारलेली आवडते, सकाळ कशी सुरू होते, आयुष्यभर काय काम केलं, कशाची भीती वाटते, कशानं बरं वाटतं.

"औषधापेक्षा हा कागद महत्त्वाचा," सिस्टर म्हणाल्या. "आजार सगळ्यांचा एक, माणूस प्रत्येक वेगळा. यावरून आम्ही तिचा दिवस ठरवणार. तेव्हा नीट भरा."

मी नीट भरला. नोकरी, कॉर्पोरेशनच्या ऑफिसात. आवड, कागदपत्रं व्यवस्थित ठेवणे. सकाळ, आठ वाजता चहा. एक तास घेऊन, माझ्या चांगल्या अक्षरात, मी एक दुसरीच बाई लिहिली.

त्यांनी त्या बाईप्रमाणे सगळं मांडलं. इंदूला टेबलखुर्ची दिली, पुढ्यात फायली, कोरे कागद, एक रबरी शिक्का. इंदू खुर्चीच्या कडेवर बसली, हात मांडीत घट्ट. अर्ध्या तासानं उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पुन्हा बसवलं, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा बसवायला गेलेल्या मुलीला तिनं ढकललं आणि ओरडली, "सायबाची खुर्ची हाय ती! मला मेमो घ्यायला लावता का?"

चौथ्या दिवशी सिस्टरांनी मला बोलावलं. "अहो वाघमारे, आमचं काहीतरी चुकतंय. ऑफिसातली बाई खुर्चीला घाबरत नाही."

"आजार आहे," मी म्हणालो.

"आजार मलाही माहीत आहे. चाळीस वर्षं तोच धंदा केला. बाई माहीत नाही."

मी इंदूची पिशवी उचलली आणि तिला घेऊन निघालो.

---

घरी सुजितनं विषय काढला. पोरगा वाईट नाही. सकाळी कंपनीच्या बसनं जातो, संध्याकाळी ट्रॅफिकमधून पिचून येतो, आणि पहाटे आईचं ओरडणं ऐकत उठतो. त्याच्या लेकीची दहावी होती.

"पप्पा, तळेगावच्या पुढं एक निवासी संस्था आहे. मी बघून आलो. चोवीस तास माणसं असतात. महिनाअखेरपर्यंत इथं काही बदललं नाही तर आईला तिकडं ठेवू."

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही."

"तुमच्या मनगटावर तीन टाके आहेत, पप्पा."

अर्चना भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "आईंना विचारू का आपण, त्यांना कुठं राहायचंय?"

अशा संस्थेत ठेवणारे सगळे निर्दय असतात असं मी म्हणत नाही. काही घरांना दुसरा इलाजच नसतो. पण आमच्या घरी इलाज होता आणि तो माझ्या जिभेखाली होता.

दोन दिवसांनी पहाटे साडेपाचला बेल वाजली. दारात लेले सिस्टर, गळ्यात मफलर. "तुमच्या सुनेनं पहाटेचं सांगितलं. रिक्षावाल्यानं दीडपट घेतले, तुमच्या बायकोला बघायला नव्हे, तुम्हाला बघायला आले," असं म्हणत आत आल्या.

इंदू दाराशीच होती. सिस्टरांनी तिला अडवलं नाही, शेजारी उभ्या राहिल्या. "कुठं निघालात, इंदूबाई?"

"कोठीवर, बाई."

"कुठल्या?"

इंदूनं सांगितलं. कोठी, मुकादमाचं नाव, जोडीदारीण सखू, मंडईच्या बाजूचा तिचा रस्ता, कुठल्या कोपऱ्याला केळीची सालं पडतात, कुठल्या दुकानदाराचा नोकर मुद्दाम झाडलेल्यावर कचरा टाकतो. जिला नातीचं नाव आठवत नव्हतं ती बाई दहा मिनिटं न अडखळता बोलली.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "ऑफिस बरंच मोठं दिसतंय. छप्पर नाही एवढंच."

त्यांनी पिशवीतून माझा फॉर्म काढून टेबलावर ठेवला. "मी हा बदलू शकते. पण नाही बदलणार. खोटं तुम्ही लिहिलंत, खरंही तुम्हीच लिहायचं. तोवर केंद्रात आणू नका, तिचे हाल होतात."

वाटेल, मी लगेच लिहिलं असेल. नाही. चार दिवस तो कागद मी उशीखाली ठेवून झोपलो. फॉर्ममध्ये लिहायचं म्हणजे जे घरात कुणी उघड बोलत नव्हतं ते केंद्राला कळणार, सोसायटीला कळणार. बायको जाईल पण नाक जाता कामा नये, असा तो हिशेब होता. आता वाचताना मलाच माझी किळस येते, पण खरं लिहायचं ठरलंय.

---

पाचव्या दिवशी मी दूध आणायला खाली गेलो आणि कुलूप लावायला विसरलो. परत येतो तर दार उघडं, इंदू नाही. आणि स्वयंपाकघरातली केरसुणी नाही.

आळंदी रोडला जिथं हिंजवडीच्या बसगाड्या थांबतात तिथं ती दिसली, रस्त्याच्या पलीकडे. गळ्यात कार्डं अडकवलेली पोरं रांगेत उभी, आणि त्यांच्या पायांशी कमरेत वाकून आमची इंदू झाडत होती. लांब खराट्याची सवय झालेला हात, आखूड केरसुणीला कसा बसणार? तरी ती एका ओळीत पुढं जात होती. पोरं मोबाईलमधून नजर न काढता पाय उचलून तिला जागा देत होती. तिथंच हातात पेपर घेऊन उभे होते आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे शिंदे. ते टक लावून तिच्याकडे बघत होते.

आता जे लिहितो ते लिहायला मला तीन दिवस लागले. मी रस्ता ओलांडला नाही. हातात दुधाची पिशवी घेऊन अलीकडे उभा राहिलो, एका टेम्पोच्या आड. मनात एवढंच, शिंदे जाऊ देत, मग जातो. दोन गाड्या आल्या आणि गेल्या. शिंदे गेले नाहीत. ते कुणाला तरी फोन लावत होते, बहुतेक आमच्याच घरी.

तिसरी बस कडेला घुसली, थेट इंदूच्या पाठीमागे. हॉर्न वाजला. इंदू वळली, पण जागची हलली नाही. केरसुणी उगारून ओरडली, "थांब की! बाईमाणूस काम करतंय, दिसत न्हाई?"

बस थांबली. एवढी मोठी काचबंद गाडी, आणि पुढं हातभर केरसुणी घेतलेली माझी बायको. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. वर्षभरात पहिल्यांदा नव्हती. आणि टेम्पोच्या आड लपलेला कोण होता, तर मी.

मी पलीकडे गेलो. तिनं मला खालीवर बघितलं. ओळखलं नाही.

"बदली का?"

बदली म्हणजे कुणाच्या रजेवर दुसऱ्याला पाठवतात तो. मी म्हणालो, "हो."

"उशीर केला, भाऊ. पत्रा आणलाय का?"

केर भरायला पत्र्याचा तुकडा लागतो, एवढं मला कळलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकोनं भाऊ म्हटलं, तेही कळलं. मी शिंदेंना म्हणालो, "तो पेपर द्या जरा." त्यांनी मुकाट दिला. मी उकिडवा बसलो, पेपर जमिनीला लावून धरला. ती केर लोटायला लागली. "आसा न्हाई, तिरपा धरा. वाऱ्याकडं पाठ करा. कंदी केलं न्हाई का काम?"

"काका," शिंदे हळूच म्हणाले, "या काकूच ना?"

"ही माझी बायको," मी म्हणालो. आवाज मोठा निघाला असावा, रांगेतली पोरं वळली. "एकतीस वर्षं पुण्याचे रस्ते झाडलेत हिनं. माझं घर त्याच्यावर चाललंय."

शिंदे काय म्हणाले ते ऐकायला मी थांबलो नाही, कारण इंदू पुढं गेली होती आणि पत्रा माझ्या हातात होता.

---

त्या दिवशी मी नवा फॉर्म भरला. जागा पुरली नाही, पाठीमागं लिहिलं.

सुजित भडकला. "पप्पा, आईनं जन्मभर हे केलं ते आपल्याला पुन्हा करायला लागू नये म्हणून. आणि तुम्ही आजारी बाईच्या हातात झाडू देणार?"

त्याचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. तोच तर माझा मुद्दा होता इतकी वर्षं. सिस्टरांपुढं आम्ही दोघं तावातावानं बोलत राहिलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झाडू द्यायचा की काढून घ्यायचा, हे दोन्ही पुरुषच ठरवतायत. तिला काय हवंय ते आधी बघू या का?"

आठ दिवस नुसतं बघितलं, आणि कळलं ते आमच्या दोघांच्याही डोक्यात नव्हतं. तिला झाडायचं नव्हतं. झाडलं तर झाडलं. तिला हजेरी लागायला हवी होती. मी आले, वेळेवर आले, हे कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

मग तिचा दिवस त्याप्रमाणे बसवला. पावणेपाचला उठली की मीही उठतो. कुलूप काढून टाकलंय. दोघं खाली जातो. सोसायटीचे वॉचमन, पवार, वही काढून पुकारतात, "इंदूबाई वाघमारे."

"हजर."

ते बरोबरची खूण करतात. पहिल्या दिवशी पवारांना मी समजावत होतो तर म्हणाले, "काका, माझी आई वडगावला हेच काम करते. मला नका शिकवू."

हजेरी लागली की तिचे खांदे खाली येतात. मग मागच्या गल्लीत एक चक्कर. मनात असलं तर थोडं झाडते, नसलं तर नुसती बघत फिरते आणि मला कामाला लावते. साडेसहाला पायरीवर चहा, तिच्या कोठीवर असायचा तसा, आलं घालून, बशीत. केंद्रात आता तिला खुर्ची देत नाहीत. ती फिरते, टेबलं पुसते, वाटलं तर कुणाशेजारी बसते. तिथल्या मुलींना दटावते. रविवारी सकाळी अर्चना तिच्याबरोबर जाते आणि मी आठपर्यंत झोपतो. तेही सिस्टरांच्या कागदात लिहिलेलं आहे, 'नवऱ्याची झोप'. मला आधी अपमान वाटला होता.

महिनाअखेर आली आणि गेली. सुजितनं तळेगावचा विषय काढला नाही. एक दिवस तो बस पकडायच्या आधी खाली आला आणि आईबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत चालला. जाताना तिच्या पाया पडला, तर ती घाबरून म्हणाली, "साहेब, हे काय करता?" तो बसमध्ये रडत गेला असं अर्चना सांगते.

आजार आहे तिथंच आहे. पुढं जातोय. सखूचं नाव हल्ली तिला एका हाकेत आठवत नाही. वाईट दिवस येतात, मग आम्ही नुसते बसतो. मला ती बहुतेक वेळा बदलीच समजते. पहिले काही दिवस मी सांगायचो, अगं मी. मग सोडून दिलं. नवऱ्याशी ती इतकं कधी बोलली नव्हती.

परवा पायरीवर चहा घेताना तिनं विचारलं, "भाऊ, घरी कोण कोण हाय?"

"मुलगा, सून, नात. बायको."

"बायको काय करती?"

"रस्ता झाडायची. आता रिटायर झाली."

"मंग दमली आसंल. तिला जपता का?"

"आता शिकतोय."

तिनं बशी खाली ठेवली. "आमचे मालक वाईट न्हाईत. पर कंपनी बसली तवापास्नं गप झाले. मी कुठं जाती, काय करती, त्यांनी कंदी इचारलं न्हाई. मला लई वाटायचं, एकदा इचारावं."

पवार गेटवर कुणाची तरी गाडी आत घेत होते. मी माझीही बशी खाली ठेवली.

मग म्हणालो, "मला सांगा, इंदूबाई. मी नवीन आहे. मला यातलं काही माहीत नाही."

ती पायरीवर जरा सरकली, मला नीट बसायला जागा करून दिली, आणि कामाच्या पहिल्या दिवसापासून सांगायला लागली.